बटणचा ताप

३ फेब्रुवारी, सोमवार

पस्तीस वर्षं प्रसूतिगृहात ड्यूटी संपताना रिपोर्ट लिहिला. कुणाला कळा, कुणाला ताप, कोणतं बाळ दूध ओढत नाही. पुढची सिस्टर यायची, वाचायची, सही करायची आणि मग मी घरी जायचे. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतात, म्हणून ही वही. फरक एवढाच की आता ड्यूटी घ्यायला कुणी येत नाही. आमचे हे वाचतील म्हणावं, तर ह्यांचा चष्मा बारा महिने हरवलेला.

आजचा रिपोर्ट असा की जावयाने मला दारातच झापलं. पोरं शाळेतून एक वाजता आमच्याकडे येतात, सात वाजता तो कामावरून येऊन घेऊन जातो. आज तो पायातले बूट न काढता उभा होता आणि तेवढ्यात बटणने, माझ्या धाकट्या नातवाने, दुधाचा पेला समोर ओढला, हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, “आमेन.” चार वर्षांचं पोर. मधली प्रार्थना त्याला येत नाही, फक्त शेवट येतो.

“आई, आपलं काय ठरलं होतं?” जावई म्हणाला.

काय ठरलं होतं ते मला पाठ आहे. प्रार्थना नाही, चर्च नाही, देवाच्या गोष्टी नाहीत. दोन वर्षांपूर्वी माझी पोरगी गेली, त्याच आठवड्यात त्याने ही अट घातली आणि मी मान डोलावली. त्या आठवड्यात कुणी माझा हात कापून मागितला असता तरी मी मान डोलावली असती.

“पुढच्या वेळी मी भांडणार नाही,” तो म्हणाला. “सरळ बॅगा भरीन आणि दोघांना ताईकडे नेऊन सोडीन. ती कधीची तयार आहे.”

त्याची ताई दुसऱ्या गावात असते. शिक्षिका आहे. गाडीने आठ तास लागतात. तो तसा दांडगाई करणारा माणूस नाही, आवाजही चढवला नाही. म्हणजे तो बोलला ते करणार. चर्चमध्ये गाताना सगळ्यांच्या वर आवाज ह्याचाच असायचा, पोरीचा जीव त्या आवाजावरच जडला होता. आता दोन वर्षं देवाशी बोलणं बंद. रुस की बाबा, खुशाल रुस. पण तुझ्या रुसव्यात माझी नातवंडं कशाला?

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस शब्दाला जागले. गाणी गुणगुणते, पण शब्द गाळून. चालीवर तर कुणाची बंदी नाही ना!

आज फोरमनने कपाटातून मोठं बायबल काढलं. फोरमन म्हणजे थोरली नात, सात वर्षांची. सगळ्यांना कामाला लावते म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. ह्यांची उभी हयात छापखान्यात मशीनवर गेली, त्यामुळे ह्यांच्या दृष्टीने ह्याहून मोठा हुद्दा नाही. मी म्हटलं, ते ठेव जागेवर. ती म्हणाली, “मी वाचत नाहीये, फक्त नावं बघतेय.” आता नावं बघायला कशी मनाई करणार?

पहिल्या पानावर आमच्या घरातली सगळी नावं आहेत. माझ्या आजीपासून. नाव, जन्म, बाप्तिस्म्याची तारीख, आणि लिहिणाऱ्याची सही. माझं नाव माझ्या आजोबांनी लिहिलंय, पोरीचं ह्यांनी, फोरमनचं जावयाने, चांगल्या वळणदार अक्षरात. त्याखाली पेन्सिलने आखलेली एक रेघ आहे. पोरीने आखली होती, बटणच्या वेळी. बाप्तिस्मा आज करू उद्या करू म्हणता म्हणता लांबला आणि मग ती आजारी पडली.

“आजी, बटणची ओळ रिकामी का आहे?”

“राहिलीय.”

“मग तो आपल्यातला नाही?”

“वेडी आहेस का? आपलाच आहे.”

“पण लिहिलेलं नाही ना,” फोरमन म्हणाली, आणि पान बंद करून गेली खेळायला. मी मात्र कपाटापाशी तशीच बसून राहिले. पोरगी वर गेलीय, तिथे तिला कुणी विचारत असेल का, बाई, तुझ्या धाकट्याचं काय? असले विचार करू नयेत, कळतं मला. पण येतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांनी आज फोरमनला संपाची गोष्ट सांगितली. शंभराव्यांदा. छापखान्यात संप चालू होता, कुणीतरी मोठ्या मशीनचा पट्टा कापला, आणि मॅनेजरने एकेकाला खोलीत बोलावून विचारलं, कोणी कापला? सत्तावीस जण आत गेले आणि सत्तावीस जण तोंड न उघडता बाहेर आले.

“का सांगितलं नाही?” फोरमनने विचारलं.

“कारण आपल्यातलं आपल्यात,” हे म्हणाले. “आपला माणूस चुकला तर घरात त्याचा कान धरायचा. पण बाहेरच्यापुढे त्याला उघडं पाडायचं नाही. जो फुटला, तो संपला.”

“पण पट्टा कुणी कापला होता?”

“ते अजून कुणी सांगितलेलं नाही,” म्हणून हे इतके हसले की खोकला लागला. मला माहीत आहे कुणी कापला होता. लिहिणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सविस्तर लिहिते, म्हणजे नंतर गोंधळ नको.

बटण शाळेतून आला तो मलूल. अंगाला हात लावला तर गरम. हे बाजारात गेले होते. काखेत थर्मामीटर लावला. कुणी आजारी पडलं की मी कागदावर चार्ट आखते: वेळ, ताप, औषध, सही. आकडे वाचायला फोरमनला मीच शिकवलंय. चार्टवर खोटं लिहायचं नाही, अंदाजाने लिहायचं नाही, हेही शिकवलंय. ती वाचते, तीच लिहिते, भारी ऐट असते तेव्हा बाईंची.

दोन वाजता ताप १०४.

जावयाला फोन लावला, लागला नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो, लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की रेंज नसते. दवाखाना चारला उघडतो. तापाचं औषध दिलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. पोर डोळे मिटून पडलेलं. मध्येच बिस्किट मागितलं. दिलं, खाल्लं. दुसरं मागितलं. मग लाल गाडी पाहिजे म्हणाला. पण ताप असाच असतो, वरून काही कळत नाही. बघता बघता हातातून गेलेली बाळं मी पाहिली आहेत.

प्रसूतिगृहात मी अशा अकरा बाळांना पाणी दिलं, म्हणजे जीव जायच्या आत घाईने बाप्तिस्मा. पाळक यायला वेळ नसायचा. आमची मेट्रन मोठी कडक बाई. पहिल्या दिवशी तिने दंडाला धरून सांगितलं होतं, “जीव जातोय अशी खात्री असेल तरच. नाहीतर ती आईबापांच्या घरची चोरी आहे.” अकराच्या अकरा वेळा माझी खात्री होती. एकही वाचलं नाही.

स्टीलची वाटी घेतली, उकळून गार केलेलं पाणी घेतलं. फोरमनला टॉवेल धरायला लावला.

“आजी, बटण मरणारे?”

“नाही गं, काहीतरीच काय!”

“मग?”

“मग काही नाही. टॉवेल नीट धर.”

पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशी तीन नावं घेतली, तीन वेळा पाणी घातलं. हात अजिबात थरथरला नाही. बटण खुदकन हसला, म्हणाला, “गार आहे.” मी रडले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला मोकळं वाटलं, देवाशपथ. पोरीच्या हातातून राहिलेलं काम मी पुरं केलं.

फोरमनला जवळ घेऊन सांगितलं, हे बाबांना सांगायचं नाही हं. ती म्हणाली, “म्हणजे आपल्यातलं आपल्यात.” मी म्हटलं, हो. शहाणी गं माझी बाय.

सहा वाजता ताप ९९. हे बाजारातून आल्यावर ह्यांना पाण्याचं सांगितलं. सात वाजता जावयाला सांगितलं, जरा अंग कोमट होतं, औषध दिलंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बटण ठीक. लिहिण्यासारखं काही नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी पाळकसाहेबांकडे गेले. जायच्या आधी चार्ट घेतला. फोरमनने एक आकडा नीट काढला नव्हता, तो मी वरून गिरवला.

पाळकसाहेब तरुण आहेत, दाढी नुकती नीट यायला लागलीय. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “ताप किती होता?” मी चार्ट पुढे केला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “झालेला बाप्तिस्मा पुसता येत नाही, सिस्टर. पण चर्चच्या नोंदवहीत मी वडिलांच्या सहीशिवाय लिहिणार नाही. त्यांना तुम्ही सांगा. मी सांगणं बरं नाही.”

सांगते म्हटलं. कधी, ते सांगितलं नाही.

घरी येऊन बायबलात बटणचं नाव लिहिलं. पेन्सिलच्या रेघेवर, शाईने. खाली माझी सही. फोरमनला दाखवलं, मला वाटलं उड्या मारील. तिने नुसती मान हलवली. “माझं पोट दुखतंय,” म्हणाली. शाळेत काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोरमनचं पोट अजून दुखतंय. दाबून पाहिलं, मऊ आहे. जीभ स्वच्छ. ताप नाही. डबा मात्र तसाच परत आणला.

आज गंमत झाली. तिला म्हटलं, ये, तुझा चार्ट आखू. ती पेन्सिल घेऊन बसली आणि माझ्याकडे बघून विचारते कशी, “आजी, खरं लिहू की आपल्यातलं लिहू?”

मी हसले. ह्यांना सांगितलं तर हेही हसले. पोरं काय काय बोलतात!

आता वही मिटता मिटता तिचा चेहरा आठवतोय. ती हसत नव्हती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

क्रमाने लिहिते.

जावई आज पाच वाजताच आला. बटण खोकत होता म्हणून थर्मामीटर काढायला त्याने खण उघडला. थर्मामीटरच्या डबीला मी तोच चार्ट गुंडाळून ठेवला होता. माझीच अक्कल! प्रसूतिगृहातली सवय, कागद फेकायचा नाही. त्याने तो उलगडला आणि वाचत उभा राहिला.

“बारा तारीख. दोन वाजता एकशे चार?”

मी उघडा खण लावून घेतला.

“आई, मी विचारतोय. एकशे चार होता? मला तुम्ही सांगितलंत, जरा अंग कोमट आहे.”

“उतरला होता नंतर.”

“मला फोन का नाही केलात?”

“केला होता. लागला नाही.”

त्याने खिशातून मोबाईल काढला, अंगठ्याने वर सरकवत गेला. “खड्ड्यात असलो तरी बाहेर आल्यावर मिस्ड कॉलचा मेसेज येतो मला. बारा तारखेला तुमचा एकही नाही.”

आणि तेवढ्यात फोरमन पुढे आली. बाप आणि मी, दोघांच्या मधे उभी राहिली. “केला होता, बाबा. मी शेजारीच होते. आणि ताप एकशे चारच होता. मीच वाचला, मीच लिहिला.”

पापणी लवली नाही पोरीची. आवाज जराही हलला नाही. त्या दिवशी टॉवेल धरून उभी होती ना, तशीच उभी. मी पस्तीस वर्षांत भल्याभल्या बायांची खोटी बोलणी ऐकली, पण इतकं साफ खोटं ऐकलं नव्हतं. खुर्चीत बसलेले हे हळूच म्हणाले, “शाब्बास.” मला ऐकू आलं. जावयाला नसावं.

तो गुडघ्यावर बसला. “नक्की एकशे चार?”

“हो.”

“बरं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “माझी मुलगी खोटं बोलत नाही. म्हणजे एकशे चार ताप होता, आणि तुम्ही तिघांनी मिळून घरात बसून काय केलंत? प्रार्थना?”

मी बटणला मांडीवर घेतलं.

“तुमच्या पोरीच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात. नर्स आहे मी, उतरेल ताप, उद्या बघू. तीन दिवस उद्या बघू. मी ऐकलं तुमचं. आणि मग दवाखान्याच्या जिन्यात ह्या पोरीला सांगितलंत, तू हात जोड, आई घरी येईल. पाच वर्षांची होती ती. रोज विचारायची मला, बाबा, मी नीट जोडले नव्हते का हात?”

हे वाक्य त्याने दोन वर्षं पोटात ठेवलं होतं. मी ते कधीच ह्या वहीत लिहिलं नाही. आज लिहिलं.

परवा, शनिवारी, त्याची बहीण दुपारच्या गाडीने दोघांना घेऊन जाणार. जाताना फोरमनने दारातून माझ्याकडे वळून पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मला धीर देत होती ती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वॉर्डात रिपोर्ट चुकला तर खोडरबर चालत नसे. चुकीच्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. चूक कुणाची, कधीची, हे पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे.

म्हणून आज बारा तारखेचं पान काढलं. ‘दोन वाजता ताप १०४’ ह्यावर एक रेघ मारली. ताप १०१ होता. सही. ‘जावयाला फोन लावला’ ह्यावर रेघ. फोन हातातही घेतला नव्हता. सही. ‘वरून काही कळत नाही’ ह्यावर रेघ. मला सगळं कळत होतं. पोराला साधा ताप होता आणि मला निमित्त हवं होतं. सही.

चौदा तारखेच्या पानावरही एक रेघ. फोरमनने आकडा नीटच काढला होता. सही.

ह्यांना सांगितलं. म्हटलं, उद्या जाऊन जावयाला सगळं सांगणार आहे. हे ताडकन उठले. इतक्या वर्षांत ह्यांना असं उठताना पाहिलं नव्हतं.

“काही गरज नाही! आता तो चिडलाय, महिन्याभराने निवळेल, सुट्टीत पोरं येतील. पण पाणी घातल्याचं कळलं तर पुन्हा तोंड दाखवणार नाही तो. कळतंय का तुला?”

“कळतंय.”

“आणि त्या पोरीचं काय? ती आपल्यासाठी उभी राहिली. तू तिला बापासमोर खोटं पाडणार? फुटणार तू?”

“अहो, सात वर्षांची आहे ती. तुमच्या संपातली कामगार नाही.”

“तिला आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहायला शिकवलं, चुकलं का माझं?”

“नाही. तुम्ही ते शिकवलंत, मी देव शिकवला. दोघांनी दोन चांगल्या गोष्टी शिकवल्या आणि पोरीला घासभर अन्न जात नाहीये.”

हे खाली बसले. म्हणाले, “मी येणार नाही उद्या. माझ्याच्याने बघवणार नाही.” नका येऊ म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मलाही जावंसं वाटत नाहीये. गप्प राहिले तर सुट्टीत पोरं भेटतील. बोलले तर कदाचित कधीच नाही. देवा, तू तरी सांग काहीतरी. तू पण संपावर आहेस का?

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दहाला गेले. बायबल पिशवीत, चार्ट पर्समध्ये. त्याच्या घरी दारातच दोन बॅगा. बहीण आत बटणला मोजे घालत होती. फोरमन बॅगेवर बसलेली. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, ड्यूटी देताना सांगतात तसं. ताप एकशे एक होता. फोन केला नाही. आकडा मी बदलला. पाणी घातलं, बाप्तिस्मा दिला. धोका नव्हता, मला माहीत होतं. पोरीला गप्प राहायला मीच सांगितलं, ती जे बोलली ते माझ्यासाठी.

“आजी!” फोरमन ओरडली. “आपल्यातलं होतं ना! तूच म्हणालीस ना!”

“मी चुकीचं सांगितलं, बाळा.”

“तू फुटलीस!” ती बॅगेवरून उठली. “मी नाही फुटले. मी कुणालाच नाही सांगितलं, माझं पोट दुखत होतं तरी नाही सांगितलं. आणि तू फुटलीस!”

ती जी रडायला लागली, आई गेल्यावरही अशी रडली नव्हती. मी हात पुढे केला, तिने झिडकारला. मग मी चार्ट तिच्या समोर जमिनीवर पसरला, पेन काढलं. १०४ वर एक रेघ मारली, शेजारी १०१ लिहिलं, सही केली. म्हटलं, बघ, असं करायचं. खोडायचं नाही, लपवायचं नाही. तुझा आकडा बरोबर होता. तिने पाहिलं.

जावयाने बायबल मागितलं. पहिलं पान उघडलं. बटणच्या नावावर, माझ्या शाईवर त्याने बोट ठेवलं.

“ही रेघ तिने माझ्यासाठी आखली होती,” तो म्हणाला. “फोरमनचं मी लिहिलं होतं ना. ह्याचंही तूच लिही म्हणाली. मी लिहिणार होतो, आई. आज नाही, ह्या वर्षीही नसेल. पण मला जमलं असतं तेव्हा लिहिणार होतो. ही एकच गोष्ट राहिली होती, तिची आणि माझी.”

चोरी. मेट्रनचा हात मला दंडावर जाणवला, इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, मला क्षमा कर. तो म्हणाला, “कळत नाही मला काय करू.” रागावला नव्हता. राग चालला असता.

पोरं गेली. बटणने खिडकीतून हात हलवला. फोरमन दुसऱ्या बाजूला तोंड करून बसली होती. शेवटपर्यंत.

३ मार्च, सोमवार

एक वाजता सवयीने दार उघडून उभी राहिले. मग बंद केलं.

हे संपाची गोष्ट आता कुणाला सांगणार? परवा दूधवाल्याला पकडलं. तो घाईत होता. मग घरात येऊन मला म्हणाले, “पट्टा मी कापला होता गं.” म्हटलं, माहीत आहे. म्हणाले, “सव्वीस जण माझ्यासाठी गप्प बसले आणि मी त्यांना बसू दिलं.” एवढंच. मग चष्मा शोधत बसले.

जावई एकदा येऊन गेला. पाण्याचा नळ गळत होता तो बसवून दिला. पोरं बरी आहेत म्हणाला. मी जास्त विचारलं नाही. पाळकसाहेबांना मी सगळं खरं सांगून आले आहे. प्रार्थना करते, पण हल्ली काही मागत नाही.

२४ मार्च, सोमवार

टपालाने पाकीट आलं. अक्षर बापाचं, पण आतला कागद फोरमनचा. आठ तासांवरून आलेला, चार घड्या घातलेला. पट्टीने रेघा आखून चार्ट केलाय, अगदी माझ्यासारखा. वरती तारीख. उभ्याउभ्याच वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला, मग ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

बटण: ताप नाही. खोकला नाही. रोज दोन बिस्किटं.

माझं पोट: दुखत नाही.

बाबा: शनिवारी येतात, रविवारी जातात.

आत्या: चांगली आहे पण केस ओढून विंचरते.

प्रार्थना: बाबांना विचारलं करू का. म्हणाले तू ठरव. अजून ठरवलं नाही.

आजोबा: त्यांना सांग चष्मा फ्रीजवर बघा.

सगळ्यांत खाली एक ओळ होती.

आजीची आठवण: येत नाही.

त्यावर एक रेघ होती. पट्टीने मारलेली, एकच, सरळ, खालचं सगळं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं होतं: येते. आणि सही.

मी पेन घेतलं आणि खाली माझी सही केली, ड्यूटी घेताना करतात तशी. चष्मा फ्रीजवरच होता.